घुबडाचे दोन नंबर

माझे वडील ट्रेसर होते. हे काम आता कुठे उरलेलं नाही, म्हणून सांगायला हवं. इंजिनिअर पेन्सिलीनं ड्रॉइंग काढायचा आणि त्याच्यावर गुळगुळीत, निळसर, आरपार दिसणारं कापड ताणून ट्रेसर तेच ड्रॉइंग शाईनं उतरवायचा. रेघ चुकली तर खोडरबर चालायचं नाही. दाढीच्या ब्लेडनं शाई खरवडायची, तीही अशी की कापडाला ओरखडा उठता कामा नये. बाकीच्यांना रोज नवं ब्लेड लागायचं, बाबांचं आठवडा आठवडा पुरायचं. हे मी नाही, त्यांचे साहेब सांगायचे.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमाराला पिंपरीत एकामागून एक कंपन्या उभ्या राहत होत्या, तेव्हा बाबा खेडकडच्या आमच्या गावातून आले. शिक्षण सातवी. पहिलं काम मालाच्या खोक्यांवर ब्रशनं पत्ते रंगवायचं. अक्षर बघून कुणीतरी त्यांना ड्रॉइंग ऑफिसात नेलं आणि मग बारा-तेरा वर्षं ते तिथल्या उंच स्टुलावरून उतरले नाहीत. चिंचवडला आमच्या दोन खोल्या होत्या. घरात ते, आई आणि मी. एकुलती एक, म्हणून लाडावलेली आणि तोंडाळ. तोंडाळ हा शब्द आईचा. बाबा म्हणायचे, "बोलू दे की गं तिला. तू आन् मी कवा बोललो?"

मॅट्रिक झाल्यावर मी त्याच कंपनीत पंच ऑपरेटर म्हणून लागले. कार्डं पंच करायची. टाइपरायटरसारखं मशीन, कागदाऐवजी जाड पिवळट कार्ड. की दाबली की कार्डाला बारीक चौकोनी भोक पडायचं. कुठल्या रकान्यात कुठल्या ओळीला भोक, त्यावरून मोठं मशीन आकडा ओळखायचं. स्टोअरमधला प्रत्येक नट, प्रत्येक पत्रा आमच्याकडे आकडा होऊन यायचा. मी पंच केलेलं कार्ड शेजारची मुलगी तपासायची, म्हणजे तेच आकडे तिच्या मशीनवर पुन्हा मारायची. दोघींचं जुळलं तरच कार्ड पुढे. ही माझी जोडीदारीण कासारवाडीची, तिच्या वडिलांचं मोटारी दुरुस्तीचं गॅरेज होतं. माझ्यापेक्षा हळू आणि माझ्यापेक्षा बरोबर.

मला लागून वर्ष व्हायचं होतं तेव्हा एक प्रकार घडला. गाडीच्या भागांत डावे आणि उजवे असे जोड असतात. दिसायला भावंडं, पण डावा उजवीकडे बसत नाही. म्हणून ड्रॉइंग ऑफिसचा नियम असा की डाव्याला विषम नंबर, उजव्याला त्याच्या पुढचा सम. त्या दिवशी आम्हा दोघींच्याही नजरेतून एक आकडा सुटला आणि डाव्या ब्रॅकेटांच्या जागी उजव्या ब्रॅकेटांची अख्खी रास गाड्या जोडायच्या शॉपवर आली. लाइन थांबली. माझ्या साहेबांनी मला सगळ्यांदेखत जे झापलं ते अजून कानात आहे. नोकरी जाता जाता राहिली. तेव्हापासून डावं-उजवं म्हटलं की मी दचकायची. हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण पुढे जे केलं ते ह्या धसक्यातून केलं, एवढं तरी खरं आहे.

मग बाबांचा उजवा हात कापायला लागला.

आधी चहाच्या कपाशी. नंतर पेनाशी. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि गोळ्या दिल्या. त्यांच्या साहेबांनी काही महिने सांभाळून घेतलं आणि शेवटी त्यांना प्रिंटिंगच्या खोलीत टाकलं. ड्रॉइंगच्या प्रती तिथे अमोनियावर निघायच्या. दार उघडलं की डोळ्यांतून पाणी. बाबा घरी यायचे ते लाल डोळ्यांनी. आई घाबरून बघायची तेव्हा म्हणायचे, "बरंय की. आता खरंच रडू आलं तरी कुनाला कळायचं न्हाई." आम्ही हसायचो. काय मेलं हसण्यासारखं होतं त्यात, देव जाणे.

त्यांच्या साहेबांनाही ते खात असावं. पुण्यात त्यांच्या ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक होते, इतिहासाचे. परदेशात शिकताना त्यांनी इजिप्तच्या जुन्या शिलालेखांचे ढीगभर फोटो जमवले होते. चित्रलिपी सगळी. घुबड, गिधाड, शिंगवाला साप, पाण्याची नागमोडी रेघ, गुडघे वर घेऊन बसलेला माणूस. सरांच्या डोक्यात असं होतं की प्रत्येक चिन्हाला एक नंबर द्यायचा, शिलालेखाची ओळ म्हणजे नंबरांची ओळ करायची आणि ती संगणकाला द्यायची. मशीनला घुबड दिसत नाही, भोकं दिसतात. पण कुठलं चिन्ह किती वेळा आलं, कुणाच्या शेजारी आलं, हे ते न कंटाळता सांगेल. आयुष्यभर बसून माणसाला जे जमणार नाही ते एका दिवसात. त्यासाठी सरांना दोन माणसं हवी होती. एक, प्रत्येक चिन्ह एकसारख्या मापानं नीट काढणारा. दुसरं, कार्डं पंच करणारं. साहेबांनी बाबांचं नाव सुचवलं आणि बाबांनी माझं.

"कापणाऱ्या हातानं कसं जमायचं?" मी विचारलं.

"सकाळच्या पारी कापत न्हाई," बाबा म्हणाले.

खरंच होतं ते. झोपेतून उठल्यावर तास-दीड तास त्यांचा हात जागेवर असायचा. त्या तासात ते खिडकीशी पाट मांडून बसायचे आणि पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यांवर एकेक चिन्ह उतरवायचे. दिवसाला चार, फार तर पाच. खाली नंबर. हात थरथरायला लागला की पेन पुसून ठेवायचे आणि कंपनीत अमोनियाला जायचे. गिधाड काढलं त्या दिवशी आईला म्हणाले, "हे बघ, आपल्या वढ्यावरचंच हाय. मान बघ कशी टाकलीय." ड्रॉइंग ऑफिसातून काढल्यावर प्रथमच मी त्यांना असं माणसात आलेलं पाहिलं.

सरांनी त्यांना शब्द दिला होता. पुस्तक निघेल त्याच्या पहिल्या पानांत 'चिन्हं रेखाटणारे' म्हणून त्यांचं नाव छापीन. पूर्ण नाव. बाबांनी हे वाण्याला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, गावी जाऊन चुलत्यांना सांगितलं. सातवी पास माणसाचं नाव इंग्रजी पुस्तकात! मी चिडवायची, "आता फेटा बांधून फिरा." त्यावर ते लाजायचे. बाबांना दुसरं काही नको होतं. हात गेला होता, काम गेलं होतं, ते नाव तेवढं हवं होतं.

माझ्या साहेबांनी शिफ्ट सुटल्यावर तासभर मशीन वापरायची परवानगी दिली. कोरी कार्डं सरांनी आणून दिली. जोडीदारीण तपासायला थांबायची, तिचं तिला काही मिळणार नव्हतं तरी.

नंबर द्यायचं काम सुरू झालं तेव्हाच सर मुलाकडे परदेशात गेले, सहा महिन्यांसाठी. जाताना सांगून गेले, "प्रत्येक वेगळ्या चिन्हाला वेगळा नंबर." आता शिलालेखांत गंमत अशी की काही ओळींत घुबड डावीकडे तोंड करून बसलंय आणि काहींत उजवीकडे. माणसं, साप, सिंह, सगळ्यांचं तेच. बाबा पहिल्या घुबडाशीच अडले.

"ह्ये एकच हाय," ते म्हणाले. "सर एकदा बोलले व्हते. तोंड जिकडं, तिकडनं वाचायचं. घुबड काय बदलत न्हाई."

"वाचणारा माणूस वेगळा आणि मशीन वेगळं, बाबा," मी म्हटलं. "मशीनला कुठे कळतंय तोंड? डावा-उजवा वेगळा नंबर. तुमच्याच ऑफिसचा नियम ना?"

"त्ये पार्टचं झालं. ह्ये अक्षर हाय."

"नंबर आला की सगळं सारखंच."

"सरांना पत्र टाकू का?"

"महिना जाईल त्याच्यात. आणि एवढंसं विचारायला पत्र? म्हणतील, ह्यांना काहीच कळत नाही."

काय जीभ होती माझी! उचलली आणि लावली टाळ्याला. बाबा म्हणाले, "तू मशीनवर असतीस, तुला जास्त म्हाईत." आणि त्यांनी डाव्या घुबडाला विषम नंबर घातला, उजव्याला सम. जोडीदारीण एकदाच म्हणाली होती, "अगं, पक्षी तर तोच आहे ना?" तिलाही मी गप्प केलं. तू आकडे तपास, म्हटलं.

जवळजवळ दोन वर्षं हे चाललं. सर मधे परत आले होते, पण त्यांचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि कार्डं बघण्याऐवजी ते नुसते गठ्ठे मोजायचे आणि खूश व्हायचे. शेवटी पुण्यातल्या एका संस्थेच्या संगणकावर त्यांना पाळी मिळाली. वर्षातून एकदा मिळणारी. कार्डांच्या पेट्या घेऊन बाबा आणि मी बसनं गेलो आणि देऊन आलो. त्या दिवशी सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाळ, ह्या संस्थेत पंचिंगला जागा निघणार आहे. हात स्वच्छ आहे तुझा. लिहू का मी?" मी हवेत तरंगतच घरी आले. पुणे, संगणक, एसी खोली! बाबांनी पेढे आणले.

दहा-बारा दिवसांनी सरांनी बोलावणं धाडलं. टेबलावर संगणकाचा कागद घड्याघड्यांनी पसरला होता. सर उभेच होते. घुबड दोन ठिकाणी, साप दोन ठिकाणी. एकच शब्द डावीकडून लिहिला तर एक, उजवीकडून लिहिला तर दुसरा. अर्ध्या मोजण्या निकामी. यादी चिरफाळलेली. वर्षाची पाळी वाया गेली होती आणि सरांचं वय सत्तरीच्या पुढे होतं.

"डाव्या-उजव्याला वेगळे नंबर द्यायचा हा नियम कोणाचा?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे बघून नाही, दोघांकडे बघून.

बाबा म्हणाले, "माझा."

"तुम्हाला मी सांगितलं होतं, तोंड कुठेही असलं तरी चिन्ह एकच."

"व्हय."

"तरी?"

"आमच्या हापिसात तशी रीत हाय. मी तीच लावली."

"मग तुम्हाला हे काम कळलंच नाही," सर म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "नुसती चित्रं काढलीत."

मी तिथेच होते, बाबांच्या खुर्चीला खुर्ची लावून. घरात सतत वाजणारं माझं तोंड, त्याला दातखीळ बसली. मला माहीत होतं का गप्प आहे ते. संस्थेची जागा. सरांनी अजून पत्र लिहिलं नव्हतं. हे मी स्वतःला पुष्कळ वर्षं वेगळं करून सांगितलं, की मी घाबरले, की मला सुचलं नाही. सुचलं होतं. वाक्य जिभेवर होतं आणि मी ते गिळलं.

बाबांचा हात जोरात कापत होता. त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरला आणि म्हणाले, "दुरुस्त करून देतो, सर. पुन्यांदा लिवतो सगळं."

शिवाजीनगरहून लोकलनं परत येताना दापोडीला बाबांनी विचारलं, "भूक लागली का तुला?" मी नाही म्हटलं. तेवढंच बोलणं झालं. घरी आईनं विचारलं तर म्हणाले, "थोडी दुरुस्ती निघालीय." त्या गोष्टीबद्दल नंतर ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. मी वाट बघायची रागावण्याची.

महिन्याभरात संस्थेचं पत्र आलं आणि मला जागा मिळाली. मला वाटलं, माझा हात स्वच्छ म्हणून मिळाली. बाबा पुठ्ठे काढून बसायचे आणि एकेका सम नंबरावर रेघ मारून विषम घालायचे, पण आता सकाळचा तासही त्यांचा राहिला नव्हता. रेघ मारायलाच दहा मिनिटं लागायची. एकदा ब्लेडनं नंबर खरवडायला गेले आणि बोट कापून घेतलं. आईनं पुठ्ठ्यांची पेटी उचलून माळ्यावर ठेवली. पुढे सरांचा माणूस येऊन ती घेऊन गेला. पुढच्याच वर्षी बाबा गेले. थंडीत न्यूमोनिया झाला, चार दिवसांत आटोपलं.

पुस्तक आलं ते ऐंशी साल उलटल्यावर. पोस्टानं, माझ्या नावावर. मी पाकीट उभ्या उभ्या फाडलं. आत बाबांची चिन्हं होती, पानामागून पान. त्यांचंच घुबड, त्यांचाच साप. प्रस्तावनेच्या शेवटी आभार होते आणि त्यांत कार्डं तयार केल्याबद्दल माझं नाव होतं. बाबांचं नाव नव्हतं. मी तीन वेळा पहिली पानं उलटली, मागची उलटली. कुठेच नव्हतं.

माझं डोकं फिरलं. रजा टाकली आणि तशीच सरांकडे गेले. सर खूप म्हातारे झाले होते, पण मला ओळखलं. मी नमस्कारसुद्धा केला नाही. "चित्रं ज्यांनी काढली त्यांचं नाव कुठे आहे?" विचारलं. "शब्द दिला होतात तुम्ही. एक चूक झाली म्हणून एवढी शिक्षा?"

सरांनी मला बसायला सांगितलं. मी बसले नाही.

"चूक महिन्यातच दुरुस्त झाली होती, बाळ," ते म्हणाले. "त्या संस्थेतल्या एका मुलानं सम नंबर विषमात ढकलून दिले, मशीनकडूनच. उलट कुठलं चिन्ह कुठे तोंड करून आहे ते तुझ्या वडिलांमुळे नोंदलेलं राहिलं. मी रागात जास्त बोललो त्यांना. तसं पत्रही टाकणार होतो. पण त्याच्या आधी तेच आले."

"कधी?"

"तुम्ही दोघं येऊन गेलात त्याच्या पुढच्या आठवड्यात. एकटे. आत येईनात. दारातच उभे राहून म्हणाले, ड्रॉइंग बाद झालं की काढणाऱ्याची सही खोडतात, तशी माझी खोडा. पोरीचं नाव तेवढं ठेवा. तिचा ह्याच्यात दोष नाही, ती नको म्हणत होती, मीच ऐकलं नाही. आणि त्या जागेचं पत्र अडवू नका म्हणाले. मी म्हटलं, नाव राहू द्या, रागात बोललो मी. तर हात जोडून म्हणाले, न्हाई सर, माझं नाव ऱ्हायलं तर मंग चूक कुनाची ते संस्थेतली लोकं इचारतील. मला शपथ घातली त्यांनी. मी संस्थेला पत्र त्याच दिवशी लिहिलं. दुरुस्ती झाल्याचं तुझ्या वडिलांना कळवायचं मात्र राहून गेलं."

मी बसले. संस्थेतली माझी जागा, माझा पगार, पुण्यात मला 'मॅडम' म्हणणारी माणसं, सगळं मला बाबांनी दारात उभं राहून मागून आणलेलं होतं.

"सर, नियम माझा होता," मी म्हटलं. "बाबा नको म्हणत होते."

सरांनी चष्मा काढला. काचा पुसत म्हणाले, "हे तेव्हा बोलायचं होतं."

"आता घालता नाही का येणार?"

"छापून झालंय. पुन्हा कोण छापणार? मी तर नाही आता."

घरी आले तर आई पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. तिला इंग्रजी येत नाही, पण चित्रं ओळखत होती, एकेका चित्रावर हात फिरवत होती. मला बघून पुस्तक पुढे केलं. "ह्यांचं नाव कुठं हाय, दाव की मला."

मी प्रस्तावनेचं शेवटचं पान काढलं. माझं नाव इंग्रजी रिवाजानं छापलेलं होतं. आधी माझ्या नावाचं अक्षर, मग वडिलांच्या नावाचं अक्षर, मग आडनाव. मधल्या अक्षरावर मी बोट ठेवलं. म्हटलं, "हे बाबा."

आई वाकून बघत राहिली.

"येवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

"मंग ही चित्रं कुनी काढली म्हणून लिवलंय?"

"कुणीच नाही, आई," मी म्हटलं, आणि माझं बोट त्या अक्षरावरून उचलेना.